समायोजनाची खीर

आमच्या वाडीत खीर होते ती पौर्णिमेला. विहारापुढच्या ओट्यावर मोठं पातेलं चढतं, घराघरातून दूध येतं, आणि पोरं वाट्या वाजवत आधीच रांगेत उभी राहतात. पण एका वर्षी आम्ही भलत्याच दिवशी खीर केली. पौर्णिमा नाही, जयंती नाही, कुणाचं लग्न नाही की बारसं नाही. मार्चचं ऊन नुसतं करपवत होतं आणि आम्ही बाया चुलीपुढे बसून दूध आटवत होतो. वेलचीसुद्धा हात सैल सोडून टाकली होती. आता त्या खिरीची आठवण झाली की माझं डोकं सणकतं. ढवळायला मीच होते ना!

कशाची खीर, तर आमची शाळा वाचली म्हणून.

आधी वाडी कुठं ते सांगते. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, चौक गावाच्या अलीकडे, एक फाटा आहे. फाट्यावर माझी चहाची टपरी, शेजारी पंक्चरवाला, थोडं पुढे गॅरेज. फाट्यातून आत डोंगराकडे वळलं की आमची वाडी, आणि वाडीच्या तोंडाशीच शाळा. दोन खोल्या, एक पडवी, एक हापसा. चौथीपर्यंत वर्ग आणि सगळ्या वर्गांना मिळून एक बाई. मी सून म्हणून आले तेव्हापासून ती शाळा बघतेय. माझा मुलगा तिथेच शिकला. नात पण तिथेच जायची.

रस्त्याला सगळे जुना रस्ता म्हणतात, एक्स्प्रेसवे झाल्यापासून. जुना म्हणजे काय म्हातारा झालाय का? टोल चुकवणारे सगळे ट्रेलर, टँकर, टेंपो आमच्याच दारावरून जातात, आणि जातात ते काय जपून जातात होय? माझा मुलगा त्या रस्त्यावर गेला. कामावरून मोटारसायकलने घरी येत होता, फाट्यावर वळताना ट्रेलरने उडवलं. नात तेव्हा रांगत होती. त्याच्या पुढचं मी सांगत नाही, मला जमत नाही.

लोक विचारतात, मग त्याच रस्त्यावर टपरी कशी चालवतेस बाई? अहो, दुसरीकडे गिऱ्हाईक कोण आणून देणार मला? पोट आहे ना मागे! सून कर्जतच्या बाजूला एका रिसॉर्टवर खोल्या आवरायला जाते. पहाटे कंपनीची गाडी फाट्यावरून तिला उचलते, संध्याकाळी सोडते. आम्ही दोघी आणि ती पोर, एवढंच घर. मुलगा गेल्यावर आम्ही दोघींनी फार काही ठरवलं नाही, दोनच गोष्टी ठरवल्या. पोरीनं शिकायचं, आणि पोरीनं तो रस्ता ओलांडायचा नाही. शाळा वाडीत होती तोवर ह्या दोन्ही गोष्टी सुखानं एकत्र बसत होत्या. डांबरावर पाऊल न टाकता पोर शाळेत जायची आणि पाऊल न टाकता घरी यायची. ते शाळेचं दार आम्हाला काय होतं, ते मुंबईत बसून कायदे करणाऱ्याला कसं कळावं!

तर त्या वर्षी थंडीत बातमी उठली की कमी पटाच्या शाळा बंद होणार. पट म्हणजे मुलांचा आकडा. आमचा पट कमीच होता, खोटं कशाला बोला. ज्यांच्या हातात चार पैसे खुळखुळायला लागले त्यांची पोरं पिवळ्या गाडीतून इंग्लिश मीडियमला जायला लागली. उरली ती आमच्यासारख्यांची. मग सरकार म्हणतं, पोरं नाहीत तर मास्तर कशाला? मास्तर नाही म्हणून पोरं जातात आणि पोरं जातात म्हणून मास्तर काढतात. आहे की नाही गंमत?

आमच्या वाडीत एक गृहस्थ आहे, त्याला सगळे पुढारी म्हणतात. कुठल्याही निवडणुकीत निवडून आलेला नाही, पण पांढरा शर्ट, दोन मोबाईल आणि ‘साहेबांशी बोलतो’ हे शब्द कायम तयार. माणूस मनाचा चांगला. मयत असो, दवाखाना असो, हा आधी हजर. त्यानं विहारात मीटिंग बोलावली. ठरलं असं की सगळ्या वाडीनं लेखी हरकत घ्यायची आणि बायापोरांसकट खालापूरला जाऊन तालुक्याच्या कचेरीपुढं बसायचं. शाळा हलवायची असेल तर आधी आम्हाला हलवा, असं म्हणायचं. बाया तर तिथेच डबे काय न्यायचे ते ठरवायला लागल्या. मी टपरी बंद ठेवणार होते. मुलगा गेला तेव्हा सोडून मी ती कधी बंद ठेवलेली नाही.

आणि मग एके दिवशी पुढारी टपरीवर धावतच आला. चहा नको म्हणाला. ह्याला चहा नको म्हणजे काहीतरी मोठंच असणार.

“काकी, प्रश्न लागला!”

“कसला रं?”

“आपल्या शाळंचा! मंत्रालयात... नाय, विधानभवनात. तारांकित लागलाय!”

त्यानं ओळखीची ओळख काढून वरच्या सभागृहातल्या कुणा आमदाराला गाठलं होतं. आमदार आमच्या भागाचे नव्हेत, आम्ही त्यांना कधी बघितलेलं पण नाही. पण त्यांनी आमच्या वाडीच्या नावानं प्रश्न टाकला होता. तारांकित म्हणजे त्याच्यापुढे चांदणी असते, आणि मग मंत्र्याला सगळ्यांदेखत उभं राहून तोंडानं उत्तर द्यावं लागतं, असं पुढाऱ्यानं समजावलं. मला एकदम भरून आलं. आमच्या वाडीचं नाव एसटीच्या पाटीवर नाही हो, आणि ते तिथं वाचलं जाणार!

प्रश्नाच्या दिवशी आम्ही सगळे विहारात जमलो. पुढाऱ्याचा मोठा मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि त्यात सभागृह चालू झालं. डोक्याला डोकी लावून सगळे बघतायत.

“ते बघा, मागच्या बाकावर, ते आपले साहेब.”

“तो नाय रं, त्याला टक्कल हाय. आपल्याचे केस हायेत, बॅनरवर बघितलंय मी.”

“बॅनरवर समद्यांचेच केस असतात.”

असं चाललेलं. आपला नंबर आता येईल, मग येईल, असं करत सगळे श्वास धरून बसलेले, आणि कुठून काय झालं, भलत्याच कुठल्या तरी गोष्टीवरून तिथं गोंधळ सुरू झाला. कुणी कुणाला काही बोललं म्हणे. सगळे उठले, पुढच्या मोकळ्या जागेत उतरले, कागद काय फडकवतायत, हातवारे काय करतायत. वर खुर्चीत बसलेले साहेब बसा, बसा म्हणून घसा कोरडा करतायत. कुणी बसेल तर शपथ. आणि मग सभागृह तहकूब. आम्ही बराच वेळ तसेच बसून राहिलो, पुन्हा सुरू होईल म्हणून. मोबाईलची बॅटरी संपली, पण ते काही सुरू झालं नाही.

मला राग आला. भांडायचं तर भांडा, माझ्या टपरीवर पण माणसं भांडतात. पण आधी आमचा प्रश्न होऊ दे आणि मग काढा एकमेकांची उणीदुणी. तेवढंपण नाही?

दुसऱ्या दिवशी मात्र पुढारी हसत आला. प्रश्न पुकारला गेला नाही तरी त्याचं उत्तर छापील असतं आणि ते पटलावर ठेवलं जातं, असं त्याला कळलं होतं. त्यानं ते मोबाईलवर मागवून घेतलं. विहारात परत सगळे जमले आणि तो उभा राहून खणखणीत आवाजात वाचायला लागला. सदर वाडीतील शाळा कमी पटसंख्येमुळे बंद करण्याचा निर्णय शासनाने घेतला आहे, हे खरे आहे काय?

खाली मंत्र्यांचं उत्तर. हे खरे नाही.

अहो, काय टाळ्या पडल्या! पुढाऱ्यानं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, कारण अजून होतं. असल्यास, सदर शाळा सुरू ठेवण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? उत्तर, प्रश्न उद्भवत नाही. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तर, प्रश्न उद्भवत नाही.

“उद्भवत नाय म्हंजे?” एका म्हातारीनं विचारलं.

“म्हंजे प्रश्नच नाय!” मी म्हटलं. मीच म्हटलं. आणि त्यात काय चुकलं माझं? गिऱ्हाईक विचारतं, मावशी, चहा ताजा आहे ना? मी म्हणते, प्रश्नच नाही! रिक्षावाला विचारतो, उद्या दुकान उघडं ना? मी म्हणते, प्रश्नच नाही! आमच्याकडे प्रश्नच नाही म्हटलं की पक्कं. त्याच्यापुढे विचारायचं काही उरत नाही. मंत्री म्हणाला, शाळा बंद करणार हे खरं नाही, आणि वर म्हणाला, प्रश्नच नाही. अजून काय स्टॅम्पवर लिहून द्यायचं होतं त्यानं?

म्हणून ती खीर. पोरांनी पातेलं चाटून पुसून साफ केलं. हरकतीचं कुणी नावपण काढलं नाही. खालापूरला जाऊन बसायचं तर दूरच, डब्यांचं पण विसरलो. उलट पुढाऱ्यानं चौकला जाऊन फ्लेक्स छापून आणला आणि फाट्यावर, माझ्या टपरीच्या डोक्यावरच लावला. शाळा वाचवल्याबद्दल साहेबांचे जाहीर आभार, समस्त ग्रामस्थ मंडळ. एका बाजूला साहेब, केसांसकट. दुसऱ्या बाजूला शाळेतली सगळी पोरं. त्यात माझी नात पुढचे दोन दात पडलेली, तोंड उघडं टाकून हसतेय. येणाऱ्या जाणाऱ्या गिऱ्हाइकाला मी दाखवायची, ती बघा आमची.

खीर खायला शाळेच्या बाई पण आल्या होत्या. पनवेलहून येऊन-जाऊन करायच्या त्या. वाटी हातात घेऊन त्या म्हणाल्या, “आमच्याकडे अजून काही लेखी आलेलं नाही हं.” मी म्हटलं, “बाई, मंत्र्यानं सांगितलंय, आता काय लेखी घेऊन बसलात!” त्या हसल्या, आणि वाटी संपवली.

जूनमध्ये शाळा उघडायच्या दिवशी सुनेनं पोरीला नवा ड्रेस घातला, केसाला रिबिनी बांधल्या. तिसरीत जाणार होती. मी टपरीवर होते, आणि ती थोड्याच वेळात तशीच परत आली, मागे वाडीतली बाकीची पोरं. शाळेला कुलूप होतं. आम्हाला वाटलं बाईंची गाडी चुकली असेल. पुढाऱ्यानं फोन लावला तर बाई पलीकडून म्हणाल्या, “अहो, माझी बदली झाली सुट्टीत. तुमच्या मुलांचं समायोजन झालंय ना, तुम्हाला कळवलं नाही का कुणी?”

समायोजन. मी हा शब्द जन्मात पहिल्यांदा ऐकला. पुढाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, “ॲडजस्ट केलंय काकी.” एसटीत तिघांच्या सीटवर चौथा येतो आणि म्हणतो ना, ताई जरा ॲडजस्ट करा, ते. आमच्या पोरांना पलीकडच्या गावातल्या मोठ्या शाळेत ॲडजस्ट केलं होतं. पलीकडच्या म्हणजे रस्त्याच्या पलीकडच्या.

मी आणि पुढारी खालापूरला गेलो. एका कचेरीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, असं करत एकदाचे एका साहेबापुढे पोचलो. मी तोंडाचा पट्टा सोडायचा असं ठरवूनच गेले होते. पण साहेब उद्धट नव्हता, हीच पंचाईत. थकलेला माणूस, टेबलावर ढीग, त्यानं आम्हाला बसायला सांगितलं, पाणी मागवलं.

“साहेब, आमची शाळा बंद केलीत तुम्ही.”

“बंद कुठं केली?”

“कुलूप लावलंय की! मी सवता बघून आले.”

“कुलूप असेल मावशी. पण शाळा बंद केलेली नाही, समायोजित केलीय. दोन्ही वेगळं असतं.”

“अवो, मंत्र्यांनी उत्तर दिलंय विधानभवनात, हे खरं नाही म्हणून!” पुढारी मोबाईल काढायला लागला.

“मला माहितीये. ती माहिती इथूनच गेली होती.” साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. “तुमच्या आमदारांनी काय विचारलं? शाळा बंद करण्याचा निर्णय घेतला का? तसा निर्णय नव्हताच. समायोजनाचा प्रस्ताव होता. समायोजनाचं कुणी विचारलंच नाही. मग उत्तर चुकीचं कसं?”

भांडायला गेलेली बाई मी. टपरीवर कुणी सुट्ट्या पैशात फसवलं तर गाडीमागे धावत जाते. पण ह्या माणसानं मला फसवलं नव्हतं, मंत्र्यानं फसवलं नव्हतं, आमदारानं बिचाऱ्यानं जे कळलं ते विचारलं होतं. कुणी खोटं बोललंच नाही हो! शाळा तेवढी गेली.

“आमी हरकत घेतो,” पुढारी म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता.

“मुदत एप्रिलमध्येच संपली. तुमच्या पलीकडच्या एका वाडीनं घेतली होती हरकत. सगळे येऊन बसले होते इथं दारात, दिवसभर. त्यांचं थांबवलंय तूर्त.” साहेबांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. “तुमचं कुणीच आलं नाही. मी येता-जाता तुमच्या फाट्यावरचा बॅनर बघायचो. म्हटलं, गाव खूश आहे.”

परत फाट्यावर उतरल्या उतरल्या पुढारी पंक्चरवाल्याची शिडी घेऊन वर चढला आणि फ्लेक्स ओरबाडून काढला. एरवी असला फ्लेक्स कुणी टाकून देत नाही, पावसात लाकडावर घालायला कामाला येतो. ह्यानं त्याच्या चिंध्या केल्या. मी खाली उभी राहून बघत होते. ओरडून सांगावंसं वाटत होतं की पोरांचा भाग तरी फाडू नको रं.

रात्री सुनेला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “आई, रस्त्यापलीकडं?” मी मान हलवली. तिनं पुढची भाकरी थापली, ती करपली, तिला कळलंपण नाही.

मोठी शाळा वाईट आहे असं मी म्हणणार नाही. जाऊन बघून आले. रंगवलेल्या भिंती, कॉम्प्युटर, मैदान, वर्गावर्गाला वेगळे गुरुजी. खालापूरचे साहेब म्हणाले होते, लहान शाळेत कोंडलेल्या मुलांना चार मुलांत मिसळायला मिळेल, आणि ते खरंच आहे. माझ्या नातीला तिथं शिकायला मिळालं तर मला काय दुखतंय? पण मधे तो रस्ता आहे. मंत्रालयाच्या नकाशात तो नुसती रेघ असेल. मुलांना न्यायला रिक्षा लागेल, तिचा भत्ता मिळेल, असं सांगितलं होतं. रिक्षा आली सुद्धा, सुरवातीला. पोरं कोंबून न्यायची. मग मंजुरी यायची आहे म्हणून ती यायची बंद झाली. मंजुरी अजून येतेय.

मग मी म्हटलं, मी नेते. टपरीवर पंक्चरवाल्याला लक्ष ठेवायला सांगितलं, पोरीचा हात घट्ट धरला आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिले. सकाळची वेळ, गाड्यांना खंड नाही. एक टँकर गेला, त्याच्या वाऱ्यानं पदर उडाला. मग जरा फट दिसली. पोर म्हणाली, “चल आजी.” आणि माझा पाय उचलेना. खरं सांगते, उचलेचना. मुलगा जिथं पडला होता ती जागा तिथून दिसते. ती मला ओढतेय, “आजी चल ना, घंटा होईल,” आणि मी दगडासारखी उभी. पोरीला भीती नव्हती. तिला बाप आठवतच नाही, तिला कसली भीती! भीती मला होती. शेवटी पंक्चरवाल्यानं येऊन आम्हाला दोघींना मागे घेतलं. मला खुर्चीत बसवलं आणि माझाच चहा मला पाजला.

नंतर सुनेनं रजा काढून नेऊन बघितलं. रोज रोज रजा कोण देणार? रिसॉर्टवाल्यानं सांगितलं, जमत नसेल तर दुसरी बघतो. मग एकदा वाडीतल्याच एका पोराला रस्ता ओलांडताना टेंपो चाटून गेला. हातावर निभावलं, प्लास्टर घातलं. पण त्या दिवसापासून वाडीतल्या बायांनी पोरं पाठवायची बंद केली. ज्यांना जमलं त्यांनी पोरं मामाकडे, काकाकडे ठेवली. आमचं कुठं कोण आहे?

कागदावर मात्र सगळं ठीक. नातीचं नाव मोठ्या शाळेच्या पटावर आहे. म्हणजे तिची शाळा सुटलेली नाही. शाळा सुटलेल्या पोरांना शोधायला माणसं फिरतात म्हणतात, पण त्यांच्या हिशेबात ती यायचीच नाही.

पुढारी गप्प बसला होता, पण हिवाळी अधिवेशनाच्या आधी त्यानं परत उचल खाल्ली. “काकी, ह्या बारीला समायोजन शब्द घालूनच टाकायला सांगितलाय.” मी म्हटलं, “टाक बाबा.” त्याला तरी दुसरं काय येतं! आणि प्रश्न लागला. उत्तर पण आलं. त्यानं ते विहारात नेलं नाही, टपरीवर येऊन हळूच मला वाचून दाखवलं. हे अंशतः खरे आहे. विद्यार्थी नजीकच्या शाळेत नियमित शिक्षण घेत आहेत.

“अंशतः म्हंजे थोडंसं,” तो म्हणाला.

“कळतं मला,” मी म्हटलं. आम्ही दोघं रस्त्याकडे बघत बसलो. मला रडू येत नव्हतं. काही येतच नव्हतं. लढायला उठावं असं वाटणं, ते जे काही असतं ना आत, तेच संपलं होतं. नियमित शिक्षण घेणारी ती विद्यार्थिनी माझ्या मागे उलट्या क्रेटवर बसून बाटल्यांची झाकणं एकावर एक रचत होती. मी तिला कपाला हात लावू देत नाही. गिऱ्हाईक म्हणतात, पोरीला देऊ दे की मावशी, पाणी तरी. मी म्हणते, नाही. माझी नात टपरीवर कामाला नाही.

त्याच डिसेंबरातली गोष्ट. सकाळी एक पांढरी गाडी थांबली, लोणावळ्याकडे जाणारी. त्यातून एक बाई उतरल्या, चांगल्या घरातल्या, बोलायला गोड. चहा घेता घेता त्यांचं लक्ष नातीकडे गेलं.

“काय गं, कितवीत आहेस तू?”

“मी तिसरीत आहे.”

आहे म्हणाली, हाय नाही. शाळेतल्या बाईंनी शिकवलेलं, परक्या माणसाशी बोलताना असं बोलायचं. तिसरीच्या वर्गात ती धड बसलीपण नव्हती.

“अरे वा! आणि आज शाळा नाही का?”

“आज सुट्टी आहे.”

“किती शुद्ध बोलते हो!” त्या मला म्हणाल्या, आणि पर्समधून चॉकलेट काढून तिच्या हातावर ठेवलं. मी चहाचे पैसे घेतले. गाडी निघून गेली. आता ही चॉकलेटवर तुटून पडेल असं मला वाटलं, पण तिनं ते मुठीत तसंच धरून ठेवलं. मग माझ्याजवळ आली, अगदी चिकटून उभी राहिली, आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली,

“आजी, सुट्टीच हाय ना गं?”

दूध वर यायला लागलं होतं. मी शेगडी बारीक केली.

“हाय गं बाय,” मी म्हटलं.